सेंट अँड्र्यूजमधला ज्युनिअर ओपनचा आठवडा (जुलै २०१८)

शनिवार

एडिंबराहून ट्रेनने निघालो तेव्हा भाचीला म्हटलं खिडकीत बस, फोर्थ ब्रिज येईल, १८९० चा पूल आहे, लाल रंगाचा. तर बाईसाहेब मोबाईलवर गोल्फच्या ज्युनिअर ओपन स्पर्धेचं ड्रॉ-शीट उघडून बसलेल्या, कोण कोणाबरोबर किती वाजता खेळणार त्याची यादी पाठ चाललेली. पूल आला आणि गेला. "अगं बघ तरी!" म्हटलं तर "मावशी, दिसला मला, छान आहे" एवढंच. चौदा वर्षांच्या पोरीला घेऊन फिरायला निघालं की हे असंच चालायचं.

सेंट अँड्र्यूजला रेल्वे जातच नाही. आधी जायची, १९६९ मध्ये बंद केली. त्यामुळे लूकर्स नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरायचं आणि तिथून ९९ नंबरची बस, साधारण आठ किलोमीटर. स्टेशनवर उतरलो तर प्लॅटफॉर्मवर निम्मी जनता गोल्फवाली. ओपनचा आठवडा ना. त्यातच दोनतीन पोरं अशी दिसली की त्यांच्या उंचीपेक्षा बॅग मोठी आणि पाठीवर देशाचं नाव लिहिलेलं जॅकेट. भाचीने मला कोपराने ढोसलं, "हे खेळणारेत."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रिटिश ओपन म्हणजे ज्याला तिथे नुसतं 'द ओपन' म्हणतात ती मोठ्या प्रोफेशनल लोकांची स्पर्धा, या वेळी कार्नुस्टीला होती. ती भरवणारी जी आर अँड ए संस्था आहे, तीच एक वर्षाआड ज्युनिअर ओपन घेते, सोळा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी, ओपनच्याच आठवड्यात आणि ओपनच्या जवळपासच्याच एखाद्या कोर्सवर. प्रत्येक देशाच्या गोल्फ फेडरेशनने एक मुलगा आणि एक मुलगी पाठवायची. तीन दिवस, रोज १८ होल (एक होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून झेंड्याजवळच्या खड्ड्यात बॉल घालायचा एक टप्पा), एकूण ५४. बस. पैशाचं बक्षीस नाही, सगळे ॲमॅच्युअर. २००६ मध्ये हेसवॉलला झालेली जिंकणारा मुलगा होता पॅट्रिक रीड, ज्याने याच २०१८ च्या एप्रिलमध्ये मास्टर्स ही अमेरिकेतली मोठी स्पर्धा जिंकली. तेव्हा पोरखेळ म्हणून सोडून द्यावी अशी स्पर्धा नाही ही.

यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते 'एक मुलगा एक मुलगी'. अमेरिकेचाही एकच आणि ज्या देशात जेमतेम एखाददुसरा कोर्स असेल त्याचाही एकच. त्यामुळे एकाच यादीत एकीकडे हँडिकॅप शून्याच्या आसपासची पोरं आणि दुसरीकडे दोन आकडी हँडिकॅपवाली (हा आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला). असं मिश्रण दुसऱ्या कुठल्या वर्ल्ड लेव्हलच्या स्पर्धेत बघायला मिळेल असं वाटत नाही.

राहायला युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलची खोली मिळाली, उन्हाळ्यात मुलं घरी गेली की भाड्याने देतात. अंथरूण स्वच्छ, खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते, आणि रात्री साडेनऊला लख्ख उजेड. झोप कशी लागणार.

रविवार

रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. जगातला सगळ्यात प्रसिद्ध गोल्फ कोर्स आणि रविवारी तिथे कुणी खेळत नाही, गावातले लोक कुत्री घेऊन फिरतात, पोरं पळतात, म्हाताऱ्या बायका फेअरवेवरून, म्हणजे होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्टीवरून, गप्पा मारत जातात. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून तर चक्क एक रस्ता आडवा जातो. ग्रॅनी क्लार्क्स वाइंड म्हणतात त्याला. इतर दिवशी तिथून जाताना दोन्ही बाजूला बघून जावं लागतं, गाडी नाही तर बॉल येईल म्हणून.

आम्ही स्विल्कन ब्रिजवर, अठराव्या होलवरच्या जुन्या दगडी पुलावर, फोटो काढायला गेलो. तिथे रांग. रांगेत निम्मी ती जॅकेटवाली पोरं, सोमवारी खेळायचं म्हणून आधी येऊन पडलेली. प्रत्येक देशाचे दोघं, आणि बरोबर एखादा मॅनेजर किंवा कोच, आणि त्या दोघांचं आपसात फारसं पटत नसल्याचंही दिसत होतं काही ठिकाणी :) पुलावर चढून जो तो प्रोफेशनल लोक हात हलवतात तसा हात हलवणार, मग पुढचा. पूल एवढासा आहे हो, टीव्हीवर वाटतो त्याच्या निम्मा.

ओल्ड कोर्सची एक गंमत भाचीने मला ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या एकदम बारीक कापलेल्या गवतावर) उभं करून दाखवली. इथली बरीचशी ग्रीन दोन होल्सना कॉमन आहेत, अशी सात डबल ग्रीन, आणि ज्या दोन होल्सची जोडी आहे त्यांची बेरीज दर वेळी १८. दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, असं. मी म्हटलं बघू, आणि खरंच चालत चालत हिशोब करत गेले, बरोबर निघाला.

दुपारी कॅथेड्रलच्या स्मशानात गेलो. पडलेलं चर्च, समुद्राकडून वारा, आणि भिंतीत टॉमी मॉरिसचं स्मारक, डोक्यावर टोपी घातलेला, बॉल मारायच्या पोझमध्ये. हा टॉमी १८६८ मध्ये सतराव्या वर्षी ओपन जिंकला, आणि त्या वर्षी दुसरा आला त्याचा स्वतःचा बाप, ओल्ड टॉम. सतरा! आजवर त्याच्याहून लहान कुणी ओपन जिंकलेलं नाही. मग पुढची दोन वर्षंही तोच, १८७१ ला स्पर्धाच झाली नाही, १८७२ ला परत तोच. १८७५ च्या सप्टेंबरमध्ये बाळंतपणात बायको आणि बाळ दोन्ही गेले आणि त्याच ख्रिसमसला हा गेला, वय चोवीस. स्मारकाला साठ गोल्फ सोसायट्यांनी वर्गणी दिली असं खाली कोरलंय. भाची बराच वेळ वाचत होती, मग म्हणाली, "म्हणजे आत्ता असता तर ज्युनिअर ओपन सोडून दोन वर्षंच झाली असती त्याला." हिशोब पक्का आहे पोरीचा.

संध्याकाळी हिमालयाज. नाव ऐकून हसू आलं पण खरंच नाव आहे ते, ओल्ड कोर्सला लागूनच एक पुटिंग ग्रीन आहे, म्हणजे नुसता बॉल जमिनीवरून हलकेच ढकलत होलमध्ये घालायची जागा, ग्रीन कसलं, नुसते उंचवटे आणि खड्डे. सेंट अँड्र्यूज लेडीज पुटिंग क्लबचं आहे, १८६७ पासूनचं. तेव्हा बायकांनी खांद्यावर काठी नेऊन फटका मारणं बरं दिसत नाही म्हणून त्यांच्यासाठी नुसतं पुटिंग ठेवलेलं. आणि गावातल्या त्या जगप्रसिद्ध रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने बायकांना मेंबर करून घ्यायचं मतदान कधी केलं, तर २०१४ मध्ये. आता त्याच गावात देशोदेशीच्या मुली पाठीला बॅग लावून उद्या ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या काठीने) फटके मारणार म्हणून हिंडतायत, आणि त्यातल्या चारपाच तिथेच हिमालयाजवर ओरडत पुटिंग करत होत्या. कुणीही जाऊन मोजके पाउंड देऊन खेळू शकतं. मी पण खेळले. एका होलला सात पुट लागले, भाचीने मोजले, मी नाही.

परतताना पबमधून आरडाओरडा, वर्ल्ड कप फायनल होती ना त्या दिवशी, फ्रान्सने क्रोएशियाला ४-२ हरवलेलं. गोल्फच्या गावात त्या दोन तासांपुरतं कुणाला गोल्फचं पडलं नव्हतं.

सोमवार

खरं काम आज सुरू. स्पर्धा ईडन कोर्सवर. ओल्ड कोर्सच्या पलीकडे, ईडन नदी समुद्राला मिळते तिथल्या खाडीच्या अंगाला. १९१४ मध्ये हॅरी कोल्टने आखलेला. ओल्ड कोर्सचा धाकटा भाऊ म्हणतात पण ग्रीन बघितली तर धाकटा वगैरे काही नाही, अशी काही वळणं की बॉल डावीकडे मारला तर उजवीकडे जातो.

तिकीट वगैरे काही नाही. जाऊन उभं राहायचं आणि कुठल्याही ग्रुपमागे चालायला लागायचं, दोर नाहीत, स्टँड नाहीत. मागे चालणाऱ्यांत आईबाप, कोच, गावातले दोनचार आजोबा, आणि आम्ही.

२०१८ चा उन्हाळा तिथे फार कोरडा गेला होता. मी मनात हिरवंगार स्कॉटलंड धरून आलेले, आणि समोर सगळं पिवळं, तपकिरी. ग्रीन तेवढी हिरवी. जमीन मळणीच्या खळ्यासारखी टणक. बॉल पडला की टप्पा खाऊन पळतच सुटायचा. आणि इथेच सगळी मजा होती, कारण यातली बरीच पोरं जिथे गोल्फ शिकलीत तिथे कोर्सला रोज पाणी मारतात, गवत मऊ, बॉल उंच उडवायचा आणि तो पडेल तिथे चिकटून बसतो. लिंक्स कोर्स म्हणजे समुद्राकाठची वाळूवरची जमीन, तिथे झाडं नाहीत, वारा आहे, आणि बॉल हवेत जितका प्रवास करतो तितकाच जमिनीवर करतो. ते वेगळंच शिक्षण आहे.

आम्ही एक मुलींचा ग्रुप धरला. तिघी तीन देशांच्या, त्यातली एक छोट्याशा बेटावरच्या देशाची. तिच्या जॅकेटवरचं नाव वाचून मी गपचूप फोनवर नकाशा काढला. बारीक, उंच, सॉक्स दोन वेगळ्या रंगांचे. तिचा पहिलाच होल अजून डोळ्यासमोर आहे. ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, छान, फेअरवेच्या मधोमध. उरले साधारण नव्वद यार्ड. तिने वेज, म्हणजे बॉल उंच उडवायची काठी, काढला, सुंदर स्विंग, बॉल उंच गेला आणि झेंड्याच्या चार फूट शेजारी पडला. बरोबरच्या कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. आणि बॉल टप्पा खाऊन ग्रीनच्या मागून उतरून पार खालच्या रफमध्ये, वाढलेल्या गवतात. पोरगी बघतच राहिली. चूक काहीच नव्हती तिची, घरी असती तर तो बर्डीचा (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) शॉट होता.

पुढच्या होलला परत तेच. त्याच्या पुढच्या होलला तिने अजून उंच मारला, म्हणजे हळू पडेल या हिशोबाने, तर तोवर वारा आलेला, बॉल हवेतच मागे ढकलला गेला आणि ग्रीनच्या पुढच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात. ते बंकर पण काय असतात तर खोल, गवताच्या विटा रचून केलेली उभी भिंत. ती आत उतरली तर बाहेरून फक्त टोपी दिसत होती. पहिला फटका भिंतीला लागून परत पायाशी. दुसऱ्यांदा तिने मागे वळून झेंड्याच्या उलट्या दिशेने काढला. चौदापंधरा वर्षांच्या पोरीने, अख्ख्या देशाचं नाव पाठीवर असताना, उलटीकडे मारायचा निर्णय घेतला. मला तर तिथेच तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

भाची मात्र कोचच्या भूमिकेत. "मावशी, तिने सात नंबरचं आयर्न घेऊन खालून पळवायला पाहिजे होता." (आयर्न म्हणजे वेजपेक्षा बॉल खालून नेणारी काठी.) म्हटलं तू खेळ मग. तर म्हणे "मला तरी कुठे येतंय, आपल्याकडे असं मारलं तर बॉल निम्म्यातच बसतो."

दुसरी एक गडबड काटेरी झुडपांची. गोर्स म्हणतात. लांबून छान, जवळून भयंकर. तिथे बॉल गेला की सगळेच शोधायला लागतात, प्रेक्षकसुद्धा. तेव्हाच्या नियमात शोधायला पाच मिनिटं होती, पुढच्या वर्षीपासून म्हणजे २०१९ पासून ती तीन झाली. त्या पाच मिनिटांत एक जर्मन आजोबा, एक कोरियन आई, मी आणि भाची असे वाकून वाकून काठीने झुडपं उचकटत होतो आणि बॉल सापडला भाचीलाच. हाताला ओरखडे, पण चेहरा असा की हिनेच होल जिंकला. खेळायला जमणारं नव्हतंच त्या जागी, ड्रॉप घ्यावा लागला. तेव्हा ड्रॉप म्हणजे सरळ उभं राहून हात खांद्याच्या उंचीला ताठ धरून बॉल सोडायचा. या टणक जमिनीवर तो एकदा पळाला, दुसऱ्यांदा पळाला, मग जिथे टेकला होता तिथे हाताने ठेवायचा. आता गुडघ्याच्या उंचीवरून सोडतात, तो नियम कुणी बदलला असेल त्याने ईडनवरचा हा सोमवार नक्की बघितला असणार.

तिचा स्कोअर किती झाला ते मी इथे लिहीत नाही. बरा नव्हता.

मंगळवार

आज वारा. म्हणजे काल होता तो वारा नव्हता असं आज कळलं. खाडीकडून सरळ अंगावर. टोप्या उडत होत्या.

सकाळी मुलांचा एक ग्रुप बघितला, वरच्या नंबरातला. त्यातला एक पोरगा असा काही खेळत होता की आपण टीव्हीच बघतोय. बॉल गुडघ्याएवढ्या उंचीने निघायचा, वाऱ्याच्या खालून जायचा, ग्रीनच्या तीस यार्ड आधी पडायचा आणि मग उतारावरून वळत वळत झेंड्याकडे. नक्कीच समुद्राकाठी वाढलेला. तोंडावर काही नाही, ना आनंद ना दुःख. मला स्वतःला असे खेळाडू बघायला कंटाळा येतो पण भाची तोंड उघडं टाकून बघत होती त्यामुळे नऊ होल चाललो त्याच्यामागे.

या ग्रुपमागे एक बाबा होते, कुठल्या देशाचे ते राहू दे. पोराने पुट चुकवला की हे दोन्ही हात डोक्यावर. चांगला मारला तरी मान नकारार्थी. मग हळूच हाताने खुणा, डावीकडे, अजून डावीकडे. नियमात बाहेरच्याचा सल्ला चालत नाही, दंड बसतो, आणि तो बसतो पोराला. एक रेफ्री बाई शांतपणे येऊन त्यांच्याशेजारी चालायला लागल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या शेजारी चालत राहिल्या. बाबांचे हात खिशात गेले ते शेवटपर्यंत खिशातच. अशी बाई प्रत्येक शाळेच्या स्पोर्ट्स डेला पाहिजे.

दुपारी परत आमच्या बेटवाल्या मुलीकडे. आणि काय सांगू, काल रात्रीत हिच्याशी कोण बोललं काय माहीत, की तिनेच बघून ठरवलं. पन्नाससाठ यार्डावरून वेज बॅगेतच. आठ नंबरचं आयर्न, बॉल उजव्या पायाशी, हात पुढे, स्विंग अर्धाच. पहिला गेला दहा फूट लांब, दुसरा फारच जोरात, तिसरा मात्र उंचवट्याला लागून वळला आणि थांबला होलच्या अलीकडे. तिने इकडेतिकडे बघितलं, म्हणजे कुणी बघितलं का असं. आम्ही बघितलं होतं, भाचीने अंगठा दाखवला. ती हसली. दातांना तारा.

अजून एक गोष्ट, जी टीव्हीवर कधी दिसत नाही. स्वतःचा स्कोअर तुम्ही ठेवत नाही, बरोबरची मुलगी तुमचा ठेवते आणि तुम्ही तिसरीचा. तिघींच्या भाषा तीन. प्रत्येक होल संपला की बोटं दाखवून खात्री. पाच? पाच. सहा? सहा. एकदा एकीने पाच दाखवली, तर जिने मारले तीच म्हणाली नाही, सहा, आणि झुडपाकडे बोट दाखवून हाताने छोटासा फटका दाखवला. बॉल तिथे हलकासा हलला होता, तो आमच्यापैकी कुणालाच दिसला नव्हता. दुसरीने खोडून सहा केले. पुढे चालू. तिघी चालायला लागल्यासुद्धा, तोवर मी अजून तिथेच. शेवटी कार्डं बदलून टेबलापाशी बसून आकडे तपासून सही करायची, कमी आकड्यावर सही झाली तर थेट बाद.

रात्री फिश अँड चिप्स, मग जॅनेटाजचं आइस्क्रीम, १९०८ पासूनचं दुकान आहे, रांग दाराबाहेर. रांगेत आमच्या पुढे ते नऊ होलवालं बिनचेहऱ्याचं पोरगं. तीन स्कूप घेतले आणि हसत होतं की!

बुधवार

शेवटचा दिवस. वरच्या ग्रुप्समागे आज चांगली गर्दी, आर अँड एचे ब्लेझरवाले वगैरे. आम्ही तिकडे फिरकलोच नाही. ज्यांना रिझल्ट हवाय त्यांनी रेकॉर्डमध्ये बघावा, मी त्यासाठी लिहीत नाहीये.

आमची मुलगी सकाळी लवकर खेळणार होती, म्हणजे खालच्या नंबरात. वारा कालच्यापेक्षा कमी, ऊन. तिने एका होलला ग्रीनच्या चांगली तीसएक यार्ड बाहेरून पुटर काढला, म्हणजे ग्रीनवर बॉल ढकलायची काठी. फेअरवेवरून पुटर! बरोबरच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मध्ये एक उंचवटा, एक खळगा, मग परत चढ. तिने लांब स्विंग घेऊन हाणला, बॉल उड्या मारत गेला, खळग्यात गायब झाला, परत वर आला आणि होलपासून हातभर अंतरावर थांबला. इथली माणसं हे शतकभर करत आलीत, त्यात नवल काही नाही. पण सोमवारी चार फुटांवर पडलेला वेज ज्या मुलीने मागच्या रफमधून उचलला तिला हे दोन दिवसांत सुचावं याचं मला फार अप्रूप वाटलं. मोठी माणसं हा हट्ट सोडत नाहीत, आपला शॉट बरोबरच होता, जमीनच चुकीची, असं वर्षानुवर्षं म्हणत बसतात. आमच्या क्लबात आहेत असे, नावं सांगत नाही.

तिने शेवटच्या होलला बोगी (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) केली आणि टोपी काढून तिघींनी हात मिळवले, मग मिठ्या मारल्या, मग लगेच फोन काढून सेल्फी. सोमवारपेक्षा बराच कमी स्कोअर, एवढं सांगते.

नंतर आम्ही गोल्फ म्युझियममध्ये गेलो, चामड्यात पिसं ठासून भरलेले जुने बॉल ठेवलेत तिथे. पंख भिजवून कोंबायचे, वाळले की फुगतात आणि चामडं आवळतं, मग टणक. एक माणूस दिवसाला मोजकेच करायचा म्हणून महाग. भाची म्हणाली, हरवला तर पाच मिनिटं काय, दिवसभर शोधला असता लोकांनी.

गुरुवार

आज कार्नुस्टी, मोठं ओपन. सोळा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाबरोबर फुकट, त्यामुळे तिकीट फक्त माझं. लूकर्सहून ट्रेन, डंडीच्या आधी टे नदीवरचा पूल. पुलाला लागून पाण्यात जुन्या पुलाच्या खांबांचे बुंधे दिसतात, तो १८७९ च्या डिसेंबरात वादळात ट्रेनसकट कोसळलेला. ट्रेनमध्ये बसून बघायला बरं नाही वाटत. डंडीपुढे रुळांना लागूनच मोनिफिथचा कोर्स, पुढे २०२२ ची ज्युनिअर ओपन तिथेच झाली.

कार्नुस्टीत गर्दीच गर्दी, आठवडाभरात १,७२,००० लोक आले म्हणे, तिथला रेकॉर्ड. ईडनवर आपण खेळाडूचा श्वास ऐकू येईल एवढ्या अंतरावर, इथे चार डोक्यांच्या वरून अर्धी टोपी. पण जमीन तीच. पिवळी, टणक. आणि जगातले सगळ्यात लांब मारणारे लोक टीवरून (होल जिथून सुरू होतो तिथून) आयर्न मारत होते, कारण ड्रायव्हर मारला तर थांबणार कुठे ते देवाला माहीत. ग्रीनच्या बाहेरून पुटरही निघत होते. भाची दर वेळी मला बघ बघ करत कोपर मारत होती, माझी बरगडी दुखायला लागली.

आपला भारताचा शुभंकर शर्मा बघायचा होता, तो सापडला. तेव्हा अजून बावीसचाही पूर्ण नव्हता. तीनचार भारतीय मंडळी झेंडा घेऊन मागे, त्यात आम्ही सामील. शांत पोरगा, चाल झपझप. त्याने पुढे कट (दोन दिवसांनी मागचे गळतात तो) पार केला, रविवारपर्यंत खेळला. पॅट्रिक रीडही दिसला, भाचीने लगेच बारा वर्षं वजा करून सांगितलं की हा जिंकला तेव्हा पंधराचा होता.

मग अठराव्या होलच्या स्टँडमध्ये जागा धरून बसलो. ४९९ यार्ड, आणि बॅरी बर्न नावाचा ओढा त्याला दोनदा आडवा येतो. १९९९ च्या ओपनमध्ये फ्रान्सचा व्हान द वेल्द इथे तीन शॉटनी पुढे होता, शेवटच्या होलला सहा फटके केले तरी जिंकला असता. बॉल या ओढ्यात गेला, गडी बूट काढून पाण्यात उतरला, सात झाले, बरोबरी झाली, आणि ती सोडवायच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. शेजारी बसलेल्या स्कॉटिश काकूंनी ही गोष्ट आम्हाला परत पहिल्यापासून सांगितली, हातवारे करून, ओढ्यात कुठे उभा होता ते बोटाने दाखवत. त्या दिवशी त्या याच जागी बसलेल्या असं म्हणाल्या. लॉरी स्कॉटिश, पण काकूंना कळवळा व्हान द वेल्दचा.

जाता जाता भाचीला स्विंगझोनमध्ये नंबर मिळाला. तिथे प्रोफेशनल कोच फुकटात काही मिनिटं शिकवतात. रांगेत ज्युनिअर ओपनची दोन जॅकेटं पण उभी होती. कोचने विचारलं काय शिकायचंय, तर ही म्हणे खालून पळणारा शॉट. त्याने बॉल मागे घेतला, हात पुढे ठेवले, मनगट मोडू नकोस म्हणाला. पहिले दोन नेटच्या खालच्या कडेला, तिसरा बरोबर. ती खूश.

स्टेशनच्या रांगेत उभं असताना मी म्हटलं, आता घरी गेल्यावर हे कर. तर म्हणाली, "मावशी, घरी पाऊस चालू आहे. ग्रीनवर पाणी साचलं असेल. तिथे हा मारला तर चिखलात रुतेल."

मग कशाला शिकलीस म्हटलं. "२०२० ला लागेल ना," म्हणाली, आणि परत फोनमध्ये डोकं घालून सिलेक्शन ट्रायलच्या तारखा शोधायला लागली. ट्रेन यायला अजून वेळ होता, रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली.